पोच न दिलेली माफी

कर्टिस व्हेलन स्वयंपाकघराच्या दाराने आत आला. गावात रिवाजच आहे तो. पुढचं दार फक्त शेरीफ आणि पाद्री वाजवतात. पण हा माणूस गावचा नव्हता. रॉइस टॅनहिलचा वकील होता, आणि रॉइसच्या वकिलाने आपल्या मागच्या दाराने यावं याचा आर्लीन कुबिचेकला सणकून राग आला. ती कोलाचेंच्या, म्हणजे मुरंबा भरलेल्या गोड पावांच्या, गोळ्यांत अंगठ्याने खळगे करत होती. तिने हात पुसलेसुद्धा नाहीत.

"उद्या शाळेच्या जिममध्ये माफीच्या घटनादुरुस्तीवर समितीची सुनावणी आहे," खुर्ची ओढून घेत व्हेलन म्हणाला. "साक्षीदारांत तुमचं नाव तिसरं आहे."

"मला वाचता येतं."

"तुम्ही बोलू नका असं मी म्हणत नाहीये, मिसेस कुबिचेक."

"नाही ना? मग काय माझे कोलाचे खायला आलात?"

व्हेलन हसला. पीठ लागणार नाही अशी जागा बघून त्याने टेबलावर एक जाड पांढरं पाकीट ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात रॉइसचं धान्याचं बहुमजली कोठार स्फोटात उडालं होतं. मक्याची धूळ जमिनीवर बोटभर साचली होती, कुठूनशी ठिणगी पडली आणि चार माणसं गेली. सफाईच्या वहीत मात्र रोजच्या रोज सफाई झालेली होती, आणि प्रत्येक तारखेखाली मुकादम लीलंड कुबिचेक याची सही होती. "सही करून टाक, हंगाम संपला की सगळं एकदम झाडून काढू," असं रॉइस म्हणाला होता, आणि आर्लीनच्या नवऱ्याने मान डोलावली होती. होता तसाच तो. मालकाला नाही म्हणायचं धाडस त्याला आयुष्यात झालं नाही.

कोर्टात मात्र लीलंडने सगळं कबूल केलं, रॉइसचं नाव घेतलं आणि चौदा महिने तुरुंगात काढले. रॉइसने काहीच कबूल केलं नाही. आठ वर्षं तो या कोर्टातून त्या कोर्टात जात राहिला, शेवटी एकदाचा आत गेला, आणि अकराव्या आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. शुक्रवारी संध्याकाळी, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या रिकाम्या झाल्यावर. अर्ज नाही, चौकशी नाही. राष्ट्राध्यक्ष रॉइसच्या शिकारीच्या बंगल्यावर दोनदा हरणाचं मटण खाऊन गेले होते, तेवढं पुरलं.

लीलंड बापडा नियमाने गेला. सुटल्यावर पाच वर्षं थांबायचं, तो थांबला. एक्केचाळीस पानांचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. सरकारी माणसं येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून गेली की हा दारू पितो का, बायकोला मारतो का. त्यालाही साडेतीन वर्षं झाली. फाइल कुठल्यातरी कपाटात पडून होती.

माफी त्याला एवढ्याचसाठी हवी होती की गावच्या अग्निशमन दलात तो सव्वीस वर्षं बिनपगारी जवान होता. नंबर चौदा. शिक्षा झाली तसं नाव कापलं गेलं; दलाचा नियमच आहे, गंभीर गुन्हा असेल तर नाव जातं, माफी मिळाली तर परत येतं. जवान वारला की दफनभूमीत वायरलेसवर त्याचा नंबर तीनदा पुकारतात. उत्तर येत नाही. मग पुकारणारी बाई म्हणते, ड्यूटी संपली, घरी जा. लीलंडने स्वतः कितीतरी जणांना असं निरोप देताना टोपी काढली होती. आता त्याची फुप्फुसं संपत आली होती. डॉक्टर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या पुढचं काही बोलायचंच टाळत होते.

"माफीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आहे," व्हेलन म्हणाला. "तुमच्या यजमानांनी फक्त पोचेवर सही करायची. स्वीकारली, एवढंच. आणि उद्या तुम्हाला जरा बरं वाटत नसेल, तर समिती काही तुम्हाला पोलीस पाठवून बोलावणार नाही."

"आणि उद्या मला ठणठणीत वाटलं तर?"

"कागद आहे हो, मिसेस कुबिचेक. कागद हरवतातही."

भट्टीतला तापलेला ट्रे याच्या मांडीवर ठेवावा असं तिला वाटलं. पण डोळ्यांसमोर चौदा नंबर आला. लीलंडचं जुनं जॅकेट आलं, जे त्याने कपाटात प्लास्टिक चढवून ठेवलं होतं.

"ठेवा इथे," ती म्हणाली.

व्हेलनने आभार मानले आणि जाता जाता एक गरम कोलाचे उचलून नेला. त्या कोलाचेसाठी तिने त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

लीलंड बाहेरच्या खोलीत नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसला होता. त्याने चष्मा मागितला, कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"माझा नंबर कुठाय?"

"दलाचा नंबर यात कशाला असेल?"

"दलाचा नाही गं, अर्जाचा. दरवेळी पत्रावर टाकायला लावतात तो." त्याला तो तोंडपाठ होता, साडेतीन वर्षं जपासारखा म्हणत होता. "इथे नाहीये. आणि हे बघ. 'टॅनहिल कंपनीच्या कामकाजात केलेले किंवा कदाचित केले असतील असे सर्व गुन्हे.' हे रॉइसच्या माफीतलंच वाक्य आहे, पेपरात आलं होतं. त्याचं नाव काढून माझं घातलंय."

"मग घालू दे ना!"

"'कदाचित केले असतील' म्हणजे काय? मी केलाय गुन्हा. दुसऱ्या पानावर चौघांची नावं लिहिलीत मी, कोण कुठल्या मजल्यावर होता तेसुद्धा. कोणी फाइल उघडलीच नाही, आर्लीन."

"लीलंड, गप सही कर. आयुष्यभर त्या रॉइसने सांगितलं तिथे सह्या केल्यास, आता एक माझ्यासाठी कर."

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. लीलंडने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. पेन मागितलं नाही.

सकाळी तो दाढी करून तयार होता. "मला जिममध्ये घेऊन चल," म्हणाला. "तू बोलू नकोस हवं तर. मला ऐकायचंय." तिने गाडी काढली. व्हेलनला दिलेला शब्द पाळायचा, गप्प राहायचं आणि घरी जाऊन याच्याकडून सही करून घ्यायची, असा तिचा बेत होता.

बास्केटबॉलच्या रिंगखाली समिती बसली होती. मध्ये अध्यक्षा जोन ऑस्टरगार्ड, उजवीकडे ब्रेंट लास्कर, ज्याला ही घटनादुरुस्ती गाडायचीच होती. दुरुस्तीत विशेष काही नव्हतं. राष्ट्राध्यक्षाने स्वतःला, नातलगांना आणि आश्रयदात्यांना माफी द्यायची नाही. फाइल उघडल्याशिवाय, मेलेल्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कोणालाच द्यायची नाही. आणि आणीबाणीच्या नावाखाली काढलेला हुकूम तीस दिवसांत संसदेपुढे आणायचा. लास्कर त्याला देशाच्या प्रमुखाचे हात बांधणं म्हणत होता.

आर्लीनचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. "मी नाव मागे घेते," ती म्हणाली.

जिममध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेत कॉनी ब्रँट बसली होती. तिचा नवरा वेस त्या चौघांतला एक. अकरा वर्षं तिने कुबिचेकांच्या घराकडे मान वळवली नव्हती. आता वळवली, आणि तिची ती नजर आर्लीनला थोबाडीत बसल्यासारखी लागली. मागे व्हेलनने समाधानाने पाय पसरले.

"तिची पाच मिनिटं मला चालतील का?" लीलंड उभा राहिला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर ओढत तो निघालासुद्धा.

"माझी हरकत आहे," लास्कर म्हणाला. "यांनी लेखी निवेदन दिलेलं नाही. नियम म्हणजे नियम."

"नियमाचा कळवळा आज बरा आला तुम्हाला," अध्यक्षा म्हणाल्या. "बसा, मिस्टर कुबिचेक. बोला."

टेबलावर वेळ दाखवणारा हिरवा दिवा लागला. लीलंडने आधी चार नावं घेतली. वेस ब्रँट, तिसरा मजला. डेल आणि रॉजर पीटरसन, धान्य वाहणाऱ्या पट्ट्याजवळ. टेरी नोव्होटनी, जिन्यात, वय एकोणीस. प्रत्येक नावानंतर त्याला श्वास घ्यावा लागत होता. मग त्याने खिशातला कागद काढला.

"ही माफी मला काल मिळाली. माझी बायको गप्प बसावी म्हणून."

व्हेलनचे पाय खुर्चीखाली गेले.

"एक मिनिट," लास्करने माइक ओढला. "साहेब, तुम्हीच दयेचा अर्ज केला होता, खरं ना? दया मिळाली. आणि आता ज्या हाताने दिली तोच हात तुम्हाला बांधायचाय? हा कृतघ्नपणा नाही का?"

"मी एक्केचाळीस पानं लिहिली," लीलंड म्हणाला. "हा तीन ओळींचा कागद आहे. यातल्या कुठल्या ओळीवरून कळतं, की कोणी माझं एक तरी पान वाचलं?"

लास्करने समोरचे कागद सारखे केले.

"न वाचता सही करायची म्हणजे काय, ते मला विचारा. मी दोन वर्षं रोज केली. चार माणसं मेली त्याच्यात." पिवळा दिवा लागला. "पोचेवर माझी सही नाहीये. परत न्या. कोणी फाइल वाचली, तर मग पाठवा."

लाल दिवा लागला तेव्हा तो उठून उभाही राहिला होता. टाळी कोणी वाजवली नाही. आर्लीनचा संताप संताप होत होता, व्हेलनवर, लास्करवर आणि सगळ्यात जास्त या माणसावर, ज्याला नाही म्हणायला सबंध आयुष्यातला नेमका आजचा दिवस सापडला होता. गाडीत बसल्यावर ती स्टीअरिंगवर हात आपटून म्हणाली, "गेला तुझा नंबर. कळतंय का तुला? गेला!"

"माझाच होता ना," लीलंड म्हणाला, आणि काच खाली करून खोकत राहिला.

दुरुस्ती समितीत एका मताच्या फरकाने पडली. लीलंड नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी गेला.

दफनभूमीत बंब आला नाही. दलाची पोरं आली, पण घरच्या कोटांत. प्रमुख डुएन टोपी चुरगळत आर्लीनजवळ आला. "नियम आहे गं, आर्लीन. यादीत नाव नसेल तर मला पुकारता येत नाही. मी विचारलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिला जॅकेट दिसलं. दलाचं, पिवळ्या पट्ट्यांचं, संपूर्ण दफनभूमीत ते एकच. आत रॉइस टॅनहिल होता. फार पूर्वी दलाला बंब घेऊन दिला म्हणून त्याला मानाचा नंबर मिळाला होता, आणि त्याचं नाव माफीबरोबर परत आलं होतं, नियमाप्रमाणे. कमरेला वायरलेस लटकत होता. शवपेटी खड्ड्यावर आली तशी त्याने टाचा जुळवल्या, आणि उजवा हात कपाळाला लावला.

आर्लीन खड्ड्याला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात खाली घे, रॉइस."

"आर्लीन, मी फक्त आदर म्हणून..."

"तुझी माफी राष्ट्राध्यक्षांनी दिलीय, मला ती मोडता येत नाही. पण सहा बाय तीनची ही जागा माझी आहे. त्यांची सही इथे चालत नाही. हात खाली."

त्याने डुएनकडे पाहिलं. डुएन गवताकडे बघत होता. मागच्या रांगेतून कॉनी ब्रँट पुढे आली आणि आर्लीनच्या शेजारी उभी राहिली. आता दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

रॉइसने हात खाली घेतला. तो खिशात गेला, बाहेर आला, आणि मग कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. आर्लीन आपल्या जागी परत आली आणि पाद्र्याला म्हणाली, आता सुरू करा.