गाळ्या म्हणजे हुस्ना नव्हे

आमच्या गावात 'बन्सी' हे माणसाचं नाव आहे, हे पोरांना फार उशिरा कळतं. आधी त्यांना 'बन्सी मारणं', म्हणजे थापा मारणं, कळतं. "मॅडम, ह्यानं अभ्यास केलाच न्हाई, बन्सी मारायलाय." पुढं कधीतरी मी पारावर बसलेलो असताना कोणीतरी मला बोटानं दाखवतं. तेव्हा नुसता ऐकलेला आजार समोर येऊन बसावा, तशी पोरं माझ्याकडे बघतात.

यात माझा काही दोष नाही असं म्हणालो, तर ती आणखी एक बन्सी होईल. एका थंडीत कपिलधारचा धबधबा अर्ध्यातच गोठला आणि मी त्याचा तुकडा टॉवेलात बांधून एस.टी.नं घरी आणला, वर कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट मागितलं, हे मी सांगितलेलं आहे. माजलगावच्या धरणात एक मासा आहे, त्याला नुसतं वळायचं झालं तरी पैठणपर्यंत जावं लागतं, हेही सांगितलेलं आहे. मासा खरा आहे. वळण्याचं थोडं वाढवलं.

तर अशा माणसाला न्यायाधीश केलं त्याच्याच सुनेनं. आमची आम्रपाली गावच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली,

"मामा, शनिवारी शाळेत एक पिक्चर दाखवायचाय. राक्षसाचा हाय. बारकी पोरं भितील का, तेवढं तुमी आधी बघून सांगा."

"मीच कावून?"

"ह्या गावातली पोरं भिववायचा अनुभव तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला हाय?"

आतून पारूबाई, म्हणजे माझी बायको, खुदकन हसली. हसण्यासाठी तिला निमित्त लागत नाही, मी लागतो.

पिक्चर काढला होता वासिफनं. त्याचं नेकनूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पिक्चरची गोष्ट अशी की, चार मित्र धरणातला गाळ भरायला ट्रॅक्टर घेऊन जातात आणि परत येतच नाहीत. पुढं गाळात नुसता एक मोबाईल सापडतो. त्या मोबाईलमधलं शूटिंग म्हणजेच हा पिक्चर. गाळात जे जनावर राहतं, त्याचं नाव गाळ्या.

वासिफची अट एकच. पिक्चर 'सापडलेला' म्हणूनच दाखवायचा. खोटा आहे असं पोरांना कोणी सांगायचं नाही, कोण नट, कोण काय, अवाक्षर काढायचं नाही. "सापडलेल्या मोबाईलमधी नटांची नावं कुठून येतील, चाचा? सांगायचं असल तर मी पिक्चर देतच न्हाई."

पेन ड्राइव्ह घेऊन आली त्याची भाची हुस्ना. चौथीत आहे. हातात ठेवला तरी जाईना.

"बन्सीआबा, गाळ्या मी हाय."

"आं?"

"पिक्चरमधला. आत मी व्हते. मामूनं गोणपाट शिवून अंगात घातलं, वरून गाळ थापला. लई खाजवत व्हतं. घाम तर असा, का डोळेच उघडंनात. वर्गात सांगितलं तर कुनी खरंच मानंना. मामू बी काई बोलंना. वर्गातले म्हनतेत..."

"काय म्हनतेत?"

"बन्सी मारायली म्हनतेत. आता तर नावच पडलंय. हजेरीला हुस्ना म्हनलं का मागून सगळे 'बन्सी' म्हनतेत."

आत पारूबाईचं हसणं बंद झालं. मी अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत राहिलो. आमच्या अंगणात कडुनिंब नाही.

"तुमी पिक्चर बंद केला तर कुनाला कळनारच न्हाई, आबा. मंग मी बन्सीच ऱ्हाईन."

मी बन्सीच राहिलोय, त्यानं माझं काय बिघडलं, असं विचारणार होतो. विचारलं नाही. उत्तर पारूबाईनं दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पोराच्या, सतीशच्या लॅपटॉपवर पिक्चर लावला. मी बाजेवर, शेजारी शेंगा फोडत हुस्ना, खाली तूर निवडत पारूबाई. सुरुवातीला बराच वेळ चपलाच दिसत होत्या. मग माती. मग आभाळ. मग पुन्हा चपला.

"शूटिंग करनाऱ्याला ताप हाय का?" पारूबाईनं विचारलं. "हात कावून थरथरायलाय?"

"भ्यालाय तो, दादी," हुस्ना म्हणाली.

मी न्यायाधीशासारखा गंभीर बसलो. रक्त नव्हतं. शिव्या नव्हत्या. दोन-चार वेळा 'बे' आलं, पण ते पोरं शाळेत येताना घरूनच घेऊन येतात. जनावर तर धड दिसतच नव्हतं. गाळ नुसता हलायचा आणि थांबायचा. हीच तर खरी गोम. दिसणारं जनावर पोरं दगड मारून पळवतात, न दिसणारं अंथरुणापर्यंत सोबत येतं. माझा सगळा धंदाच त्यावर चालला. त्यामुळं मी मनात म्हणालो, बन्सी, तू आतला माणूस, तुला काय व्हायचंय.

तेवढ्यात गाळ फुगला. काहीतरी काळं, लांबट उठलं. वासिफचा घाबरा आवाज आला, "भागना चाहिए, मगर..." आणि मोबाईल आपटला.

मगर! आयुष्य सत्तारमियाँच्या शेजारात गेलं, त्यांची बोली मला माझ्या मराठीइतकी येते. पण त्या क्षणी माझी सगळी उर्दू पायांतून निघून गेली. शुद्धीवर आलो तेव्हा मी बाजेवर नव्हतो. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवर होतो आणि वरून ओरडत होतो, "पारू, पाय वर घे! मगर!"

"आबा, ते पण-वालं मगर हाय!" हुस्ना हसून आडवी झाली होती. "पळायला पायजे, पण..., असं म्हनायलाय मामू!"

"मग पण म्हनायला काय धाड भरली त्याला?"

"उतरा आता," पारूबाई म्हणाली. "गाळ्या इथं बसून शेंगा खायलाय, आन तुमी त्याला भिऊन पोत्यावर!"

हे खरं होतं. गाळ्या शेजारी बसलेला माहीत असूनही माझी ही गत झाली. मग ज्यांना माहीत नाही, त्या पहिलीतल्या पोरांचं काय व्हायचं?

संध्याकाळी मी सुनेला म्हणालो, "पिक्चर चांगलाय. पण आत हुस्ना हाय एवढं पोरांना कळलं, तरच बारक्यांना दाखवावा."

"आपन सांगितलं तर वासिफ पिक्चर दाखवू देनार न्हाई. अन् मी शब्द दिलाय त्याला."

"मी सांगतो मग. मी कुठं शब्द दिलाय?"

आम्रपालीनं माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "मामा, हुस्ना खरं बोलती असं तुमी म्हनलात, तर पोरीवर जे थोडंफार इश्वास ठेवतेत, ते बी सोडतील."

जेवताना भाकरी तशीच हातात राहिली. एवढ्या वर्षांच्या मेहनतीनं मी ही पत कमावली होती, की एखाद्या पोरीचं खरं मी खरं म्हणालो तर ते खोटं व्हावं. वाईट वाटलं. दुसरा घास घेतला. आणि तो घेता घेता आणखी पुढचं सुचलं.

"पिक्चर दाखव," मी म्हणालो. "फक्त आधी दोन शब्द मला बोलू दे. वासिफची अट मी मोडनार न्हाई. उलट लई पाळीन."

शनिवारी वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधल्या होत्या. बारकी पोरं पुढं, हुस्ना एकटी मागं भिंतीला टेकून. वासिफ दारात उभा, कोणी त्याचा पिक्चर फोडतो का ते बघत.

मी उभा राहिलो, घसा खाकरला.

"पोरांनो, हा मोबाईल खराच गाळात सापडला. माझ्या डोळ्यादेखत सापडला. गाळ्याबी खरा हाय." वासिफनं समाधानानं मान हलवली. "आन कुनी म्हनत असल, का आत आपली हुस्ना हाय, तर ते साफ खोटं. गोणपाट न्हाई, काई न्हाई. हुस्नाचा आन गाळ्याचा काडीचा संबंध न्हाई. माझ्या गळ्याची आन!"

पहिल्या रांगेतून एक पोरगी, समोरचे दात पडलेली, हळूच म्हणाली,

"म्हंजे हुस्नाच हाय."

एकदम गलका झाला. "बन्सी! आबा बन्सी मारायलेत! हुस्ना हाय आत!" सगळ्या माना मागं वळल्या. आयुष्यात माझ्या बोलण्याचा एवढा अचूक अर्थ कोणी लावला नव्हता. वासिफ तोंड उघडून उभा राहिला, पण तक्रार करणार कशाची? मी त्याचंच वाक्य शपथेवर म्हणालो होतो.

पिक्चर सुरू झाला. गाळ हलला तशी पोरं एकमेकांना बिलगली, पण ओरडत होती, "हुस्ने, पाय झाक, पाय दिसायलाय!" रडलं फक्त एकच पोरगं. पिक्चरमधल्या पोरांनी गाळ्याला ढेकळं मारली तेव्हा ते रडून म्हणालं, "हुस्नाला मारू नका ना!"

पिक्चर माझ्यासारख्यांना नीट झेपत नाही, पोरांना चालतो, असा निकाल मी सुनेला तिथंच देऊन टाकला.

बाहेर आलो तर हुस्ना व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली आणि अख्खी शाळा तिच्याभोवती. हजेरीला मागून ओरडणारे आता सगळ्यात पुढं होते. त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं,

"आत लई गरम व्हतं का?"

"लई," हुस्ना म्हणाली. इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "आन आत एक बेडूक बी व्हता. एवढा. त्यो माज्या कानात सांगायचा, आता उठ, आता बस."

पोरांचे डोळे मोठे झाले. "मंग?"

"मंग काय? त्यो सांगायचा आन मी उठायचे."

बेडूक नव्हता. आत काय काय होतं ते तिनं मला अंगणात सांगितलं होतं. गोणपाट होतं, खाज होती, घाम होता. मी तोंड उघडलं. पण मी सांगून कोण ऐकणार होतं? मिटलं, आणि बेडकाचं पुढं काय झालं ते ऐकायला पोरांच्या मागं जाऊन उभा राहिलो.