कोंबड्याचा दुसरा अर्धा भाग

सकाळचे कोवळे ऊन आधी डोंगरमाथ्यावर उतरले, मग सावकाश द्राक्षवेलींच्या कोंबांवर आले आणि शेवटी तिमानोरच्या हातातल्या पांढऱ्या कोंबड्यावर थबकले. समुद्राकडून कोंब करपवणारा वारा सुटला होता. तो अडवायचा तर कोंबडा दुभागून दोघांनी एकेक भाग घेऊन मळ्याभोवती उलट दिशांनी धावायचे आणि निघाल्या जागी भेटून दोन्ही भाग पुरायचे, अशी गावाची रीत होती.

"मी धावतो की तुझ्याबरोबर," शेजारचे दामिस काका म्हणाले. "गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या बापाला हरवलंय मी."

"नको काका. लाखेस येईल. दरवर्षी आम्ही दोघं भाऊच धावतो."

काकांनी मान खाली घातली आणि ते घराकडे वळले.

तिमानोरने कोंबडा दुभागून खणून ठेवलेल्या खड्ड्याशी लाखेससाठी एक भाग ठेवला आणि दुसरा घेऊन धाव घेतली. अर्ध्या वाटेवर वेलींपलीकडून ओळखीची पावले उलट दिशेने गेली. तो हसला.

परतला तेव्हा खड्ड्याशी ठेवलेला भाग खाऱ्या पाण्याने निथळत होता. भोवती नवी एकही पाऊलखूण नव्हती. वारा मात्र पडला होता.

तिमानोरने दोन्ही भाग एकट्यानेच पुरले. लाखेस हिवाळ्यातच समुद्रात बुडाला होता.