वारा नसताना फिरणारं चक्र

गच्चीवरचा झेंडा लोंबत होता. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. आणि चक्र गरगर फिरत होतं!

फरीदाबादच्या त्या सोसायटीच्या बागेत ही गर्दी! दिवाळी सरलेली, धुरकं इतकं की समोरचा टॉवर अंदाजानेच दिसावा. मधोमध भगवं कापड गुंडाळलेली तिवई, तिच्यावर छताच्या पंख्यासारखं आडवं पितळी चक्र, शेजारी पवनगुरू.

"न बिजली, न बॅटरी! खोल के देख लो भाई!" गुरू गरजले. "वायुदेव का श्वास है ये. यहाँ बैठो, दमा भूल जाओ!"

समोर परात. दम्याचे रोगी येत, आपला औषधाचा पंप परातीत टाकत, तिवईला खेटून लांब श्वास घेत. निवृत्त सुभेदार गुलाबराव यांचाही पंप त्याच परातीत होता.

त्यांची लेक अक्षता वाऱ्यावर संशोधन करायची. कुठल्या उंचीवर किती वारा, त्यातून वीज किती. तिला झोप लागेना. वही काढून ती एकेक शंका लिहू लागली.

शंका, चक्रावर. तिने ते उघडून पाहिलं. मोटर नाही, वायर नाही. गुरू गालात हसले.

शंका, स्वतःच्या यंत्रावर. गच्चीवरचं तिचं वारा मोजायचं, पंखा बसवलेलं यंत्र ढिम्म. बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं. तेही ढिम्म. म्हणजे यंत्र बरोबरच होतं. थंडीत इथली हवा जमिनीलगत थिजते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो.

"तुझ्या पीएचडीच्या पंख्याला वारा लागतो," गुलाबराव धापा टाकत म्हणाले. "त्यांच्या चक्राला लागत नाही."

"अण्णा, पंप परत घ्या. तुमचे ओठ निळे पडलेत."

"श्रद्धेला वेळ लागतो, अक्षू."

शंका, अण्णांवर. खुर्चीवरचा त्यांचा मफलर उचलला, तर पेट्रोलचा वास!

"स्कूटर काढली होतीत?"

"वेडी आहेस का? ती तर केव्हाच विकली. बागेतून थेट घरी आलो."

बागेतून. पेट्रोल.

अक्षता मफलर हातात धरून उभीच राहिली. त्या बागेखाली काय आहे? पार्किंग!

शंका (ही लिहायलाही थांबली नाही ती, आरतीची घंटा वाजली होती आणि अण्णा निघाले होते).

ती गर्दीतून पुढे घुसली. उदबत्ती तिवईजवळ धरली. धूर बाणासारखा सुसाट वर फेकला गेला.

"गुरुजी, वारा आडवा वाहतो. हा खालून येतोय. चक्र जरा चार हात बाजूला घ्या ना."

"स्थान सिद्ध है, बेटी. हिला तो अनर्थ!"

"संशयी बाई!" कुणीतरी ओरडलं. "घर जाओ मॅडम!"

अक्षताने बापाकडे पाहिलं. गुलाबराव ओठ चावत उभे होते. लेकीवर विश्वास ठेवावा, की एवढ्या माणसांवर? शेवटी त्यांच्यातला सुभेदार बोलला.

"सरकवायला काय हरकत? देव आहे तर तिकडेही फिरवेल. ए पोरांनो, उठाओ!"

दोघांनी तिवई उचलून हिरवळीवर ठेवली. चक्र मंदावलं. डुललं. थांबलं.

जिथे तिवई होती, तिथे जमिनीत लोखंडी जाळी. तिच्यातून भसाभस गरम हवा, गाड्यांच्या धुराची. पार्किंगमधला धूर बाहेर फेकणारा पंखा खाली घरघरत होता. कापडाच्या नळकांड्यातून तीच हवा वर चढून पाती फिरवत होती.

"आरतीच्या वेळीच हा पंखा कोण लावतं, तनेजासाहेब?" अक्षताने विचारलं. सोसायटीचे सेक्रेटरी तनेजा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. गुरूंना अचानक परतीच्या गाडीची वेळ आठवली.

"म्हणजे आम्ही..." गुलाबरावांना खोकल्याची उबळ आली, "...धूरच ओढत होतो?"

ते परातीशी वाकले. आपला पंप शोधला, तोंडात धरून दाबला. एकदा. पुन्हा. धाप हळूहळू खाली बसली. मग त्यांनी परात उचलून गर्दीपुढे धरली.

"घ्या आपापले. लाजू नका, मीही फसलो." आणि लेकीकडे वळून, "गच्चीवरचा तुझा पंखा थांबला होता, तेव्हाही खरंच सांगत होता."

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याची जागा बदलून बघा. खरा असेल तर तिथेही चालेल. आणि औषध तेवढं कुणाच्याही परातीत टाकू नका.