लाल पट्ट्यातला काटा

आमच्या बॉयलरचा दाबाचा काटा दीडवर असला की घर गरम आणि मी गार. गेला आठवडाभर मात्र तो रोज संध्याकाळी तीनवर, लाल पट्ट्यात जाऊन बसत होता आणि मागच्या भिंतीतल्या नळीतून अंगणात पाणी टपकत होतं.

माझ्या नवऱ्याला, डेस्मंडला, कारागीर बोलवायचा म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. तो रोज सकाळी दाब उतरवायला चावी घेऊन खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधून भांडंभर पाणी सोडायचा, सांडलेलं पुसायचा आणि "झालं बघ!" म्हणत चहा मागायचा. संध्याकाळी काटा पुन्हा तीनवर.

शेवटी मीच ब्रॉन्वेनला फोन केला. हडर्सफील्डमधले निम्मे बॉयलर तीच दुरुस्त करते. तिने आधी चहा संपवला, मग स्वयंपाकघरातलं बॉयलरचं कपाट उघडलं आणि हसतच सुटली.

"काकू, हे फडकं इथे कोण वाळत घालतं?"

बॉयलरखाली एक छोटी दांडी असते. ती खाली ओढली की नळाचं पाणी आत शिरतं आणि दाब चढतो. नेमकं तिच्यावरच ओलं, जड फडकं लोंबत होतं.

"तिथे ऊब असते ना," डेस्मंड पुटपुटला. "रेडिएटर पुसला की मी रोज तिथेच टाकतो."

"म्हणजे सकाळी पाणी काढायचं आणि दिवसभर परत भरायचं!" मी म्हटलं. "शाबास!"

ब्रॉन्वेनने दांडी वर केली, काटा दीडवर आणला आणि ती गेली. डेस्मंड फडकं हातात धरून तसाच उभा.

"मग आता हे कुठे वाळत घालू?"

"माझ्या डोक्यावर घाल," मी म्हटलं. "तिथला काटा अजून तीनवरच आहे."