खेळातली मैत्रीण

टॅम्सिनला ऑटिझम आहे, हे मेरनला लेकीच्या लहानपणीच कळलं होतं. अवघड झालं ते हायस्कूलात गेल्यावर. वर्गातल्या पोरींनी टॅम्सिनला वाळीत टाकलं आणि ती घोडे पाळायच्या एका ऑनलाइन खेळात शिरली. पहिल्या वर्षी शाळा सुटल्यावर खेळायची. पुढे जेवणाचं ताट खोलीत जाऊ लागलं. मग शाळाच सुटली.

"इंटरनेट काढून टाक," डेव्हनपोर्टहून आलेला मेरनचा भाऊ डग म्हणाला.

"काढलं होतं. भिंतीवर डोकं आपटून घेतलं तिनं."

"मग बस दाराबाहेर पहारा करत."

मेरननं वेगळंच केलं. होबार्ट शहरातली 'पिप' नावाची मुलगी बनून ती स्वतःच त्या खेळात गेली. लेकीशी दोन शब्द बोलायला मिळावेत, एवढंच मनात होतं.

पिपशी टॅम्सिन भरभरून बोलली. नव्या शिंगराचं नाव काय ठेवायचं, पोरींनी दप्तरात काय ओतलं होतं, समुद्राचा आवाज का सोसवत नाही. चक्क विनोद करायची. बेकरीतल्या कामातून सुटी मिळाली की मेरन गाडीत बसून ते वाचायची, हसायची, डोळे पुसायची. घरी तीच पोर तिच्याकडे मान वर करून बघत नसे.

पिप कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून टॅम्सिन जागची हलेनाशी झाली. अंघोळही बंद. मेरन घाबरली. एका दुपारी स्वयंपाकघरातून तिनं पिपच्या नावानं लिहिलं, "जरा बाहेर जात जा गं, राणी. आईशी बोल."

खोलीचं दार उघडलं. टॅम्सिन येऊन आईच्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली.

"'गं, राणी' तूच म्हणतेस."

"टॅम, ऐक ना—"

"पिप आहे की नाही?"

मेरनला खोटं बोलवेना. "नाही."

"पिप मेली असती तर बरं झालं असतं," टॅम्सिन शांतपणे म्हणाली. "मग ती होती, असं तरी म्हणता आलं असतं."

तिनं तो खेळ सोडला. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टॅम्सिनच्या डॉक्टरीणबाईंना मात्र खेळ सुटल्याचं ऐकून आनंद झाला. "खूपच सुधारणा! काय केलंत?"

हिवाळ्यात खोलीतून पुन्हा कीबोर्डच्या बटणांचा आवाज येऊ लागला. खेळ कोणता, त्यात टॅम्सिनचं नाव काय, मेरनला ठाऊक नाही. दाराला आता आतून कडी आहे.