चुकेल त्याचा केक

थॉर्किल्ड आमच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आला, तो सगळी हयात पोलिसात घालवून. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नोकरी सुटली, पण अंगातला पोलीस काही सुटला नाही. मालक एबेने सांगितलं होतं, की तीन महिने बघू, मग ठेवायचा की नाही ते कामगारांची प्रतिनिधी म्हणून तू ठरव. मी पहिल्याच आठवड्यात 'नाही' ठरवून टाकलं.

झालं काय, तर करवतीवर काम करणाऱ्या आस्गरच्या पायाजवळ काचांचा एक गठ्ठा कोसळला. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण थॉर्किल्डने तिथे लाल-पांढरी फीत बांधली, आणि तीही अशी की कॉफीचं यंत्र नेमकं फितीच्या आत गेलं. मग एकेकाला वेगळ्या खोलीत बसवून जबानी. घरी उशीर होईल म्हणून आस्गरने बायकोला फोन केला, तर तिने विचारलं, वकील पाठवू का.

त्या दिवसापासून कारखान्यात कुणी काही पाहिलं नाही की ऐकलं नाही. फळी निसटो नाहीतर शिडी घसरो, सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. अपघात शून्य म्हणून एबे मात्र खूश. मी थॉर्किल्डला चांगलंच सुनावलं, की बाबा रे, इथे चोर पकडायचे नाहीत.

"गुड्रून, आयुष्यभर मी सगळं घडून गेल्यावर पोचलो," तो म्हणाला. "एकदा तरी आधी पोचायचंय."

मला त्याची दया आली, आणि कुणाची दया आली की माझं डोकं जास्तच फिरतं.

मुदत संपत आली तशी एबेवर छाप पाडायला त्याने फोर्कलिफ्टला वाट दाखवायला घेतली, चौकात उभं राहिल्यासारखे हातवारे करत. उलटा चालत चालत गडी थेट भुशाच्या हौदात. वर नुसते बूट दिसत होते. आम्ही ओढून काढल्यावर त्याने मिशीतला भुसा झटकला, सवयीने वही काढली आणि विचारलं, कुणी पाहिलं? अख्खा कारखाना छताकडे बघत होता.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "पण इथे जो चुकतो तो केक आणतो. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तुझ्याशी कुणी बोलतच नाही."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः भाजलेला केक घेऊन आला. वरचा खोबऱ्याचा थर करपला होता. जेवणाच्या खोलीत उभं राहून त्याने जबाब दिला.

"आरोपी उलटा चालत होता. लोकांनी हटकलं, आरोपीने ऐकलं नाही. आरोपीचं म्हणणं, हौद काल तिथे नव्हता."

लोक हसून हसून टेबलावर आडवे झाले. केकचा दुसरा तुकडा घेताना आस्गर हळूच म्हणाला, "माझ्या करवतीच्या पात्यावरचं झाकण गेल्या पानगळीपासून नुसतं दोरीने बांधलंय."

थॉर्किल्डचा हात वहीकडे गेला. मी त्याच्या पायावर पाय दिला, तसा हात मागे आला.

"चल, दाखव," एवढंच तो म्हणाला.

त्याने आधी करवतीची वीज तोडली. मग दोरीला नुसतं बोट लावलं, तर अख्खं झाकण हातात आलं. तो मटकन लाकडांच्या ढिगावर बसला. कुणी बांधलं, का बांधलं, काही विचारलं नाही. आस्गर स्वतःची बोटं बघत होता, एकेक करून.

"पोचलास रे आधी," मी म्हटलं.

"उद्याचा केक माझा," आस्गर म्हणाला.