ओव्याच्या धुरीआड

वाळवंटातल्या चुरू गावात जेठ महिन्यात भिंतीसुद्धा अंगाला हात लावू देत नाहीत. अशा उन्हात सुगनीची नुकतीच जन्मलेली नात इस्पितळातून घरी आली. बाळाला गुळाचं पहिलं बोट जो चाटवतो, त्याचा स्वभाव बाळ उचलतं, असं तिकडे मानतात. म्हणून सुगनीने गरीब गाय असलेली आपली नणंद मुद्दाम सरदारशहराहून बोलावली होती. शेजारच्या तोंडाळ धापूची सावली नको म्हणून दारही लोटून घेतलं होतं. कूलरचं पाणी धापूच्या ओट्यावर जायचं, त्यावरून दोघींचं बोलणं वर्षभर बंद होतं.

बाळंतिणीच्या खोलीत कूलर घरघरत होता, कोपऱ्यात ओव्याची धुरी चालली होती. तेवढ्यात बाहेरून धापू ओरडली, “अगं सुगनी, ओवा जाळतेयस की चपला?”

“तुझ्या नाकाला माझ्या घरातलं काही सोसतंय का कधी?”

“भांड नंतर! आधी पोरीला बाहेर काढ!”

आणि ती घुसलीच. बाळाला पाळण्यातून उचलून पदराखाली घेतलं, सुनेला दंडाला धरून अंगणात आणलं. सुगनी तोंड सोडणार, इतक्यात खोलीत तडतडलं. पाळण्यावरच्या विजेच्या बोर्डातून काळा धूर निघाला आणि वितळलेलं प्लॅस्टिक पाळण्यातल्या गोधडीवर टपकलं. सुगनीने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

वायरमन भगीरथने बोर्ड उघडला. “काकी, पौषात तार आखडते, जेठात फुगते. तुझ्या सासऱ्यांच्या काळापासून हेच चाललंय. स्क्रू सैल झाला, त्यात कूलरचा भार. सैल जागा तापणारच, आणि तापली की आणखी सैल होणार.”

“मग मला वास कसा आला नाही रे?”

“एवढ्या धुरीत कुणाला येणार?”

सुगनीने पाळण्यातली जळकी गोधडी उचलली. धापूने आज अबोला धरून घरीच बसायचं ठरवलं असतं तर? पुढचा विचार तिला करवेना.

संध्याकाळी नणंद आली, हात धुऊन तयार झाली. सुगनीने बाळाला कुशीत घेतलं, गुळाची वाटी उचलली आणि ती थेट धापूच्या ओट्यावर गेली.

“मी?” धापू गडबडली. “माझं तोंड ठाऊक आहे ना तुला?”

“सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण नाकही तुझंच आहे ना! दोन्ही येऊ दे माझ्या पोरीत. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, बाई.”

धापूने गुळात बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावलं. पोरीने गूळ चाटला आणि गल्ली दणाणेल असं भोकाड पसरलं. सुगनीने डोळे पुसून आकाशाकडे हात जोडले.